कापसाच्या खोलीतली अर्धी गोष्ट

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुला लिहायला बरं. वाचणारं माणूस असलं की दोन गोष्टी झाकून लिहाव्या लागतात. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझं तोंड आठवायचं तर मला आधी तुझा आवाज आठवावा लागतो, आणि आवाज आठवायचा तर आधी तुझं खेकसणं. नातीची अर्धी कोरी राहिलेली वही आहे, तिचाच पेन आहे, आणि दुपारची वेळ आहे. सहावीतून शाळा सुटलेली तुझी लेक लिहायला बसली आहे. बोलताना माझ्या तोंडी 'न्हाई' येतं, लिहायला बसलं की गुरुजीचं 'नाही' येतं. छडीचा गुण, दुसरं काय. हात भरून येतो, मग थांबते, पाणी पिते, पुन्हा लिहिते. घाई कुणाला आहे? तुला तर नाहीच.

ही नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. तू हिला पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, काय ही बाभळीची फोक! हिंगोलीला कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांसाठी आली आणि तीन आठवडे राहिली, कारण मी इथं हट्टा गावाच्या अलीकडं एकटी असते आणि तिच्या आईला त्याची चिंता लागते. चिंता लागते पण येणं होत नाही, मग पोरीला धाडते. आल्या दिवसापासून पोरगी फोनमध्ये डोकं घालून. मी म्हटलं, "काहून गं, त्या फोनमधी नवरा बसलाय का?" तर म्हणाली, "नवरा न्हाई आजी, गोष्टी हायेत. आणि त्यातली एक तुला वाचायची हाय."

"कोणाला ऐकवायला?"

"कोणाला बी. ज्याला वाटल त्यानं ऐकायची. फुकट."

"आन् वाचणाऱ्याला काय देतेत?"

"काही न्हाई. समदे हौसेनं करून राहिले."

"हौसेनं काम करणारं माणूस मी एकच पाह्यलं, तुहा आजा. त्यानं हौसेनं विहीर खांदली. पाणी लागलं न्हाई."

पण पोरगी चिकट. तिनं मला समजावून सांगितलं. देशोदेशीच्या जुन्या गोष्टी असतात, राजाच्या, राक्षसाच्या, बोलणाऱ्या जनावरांच्या. लिहिणारे केव्हाच मातीत गेले, त्यामुळे कुणाला विचारावं लागत नाही. ही मंडळी त्या गोष्टी आपसात वाटून घेतात. एकानं वाचायची, दुसऱ्यानं छापील पान हातात धरून ऐकायची आणि चुका काढायच्या, तिसऱ्यानं तुकडे जोडायचे. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, एकानं दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. ज्यांना दिसत नाही ती लेकरं ऐकतात, दवाखान्यात पडून राहिलेली माणसं ऐकतात. मला मनातून ते बरं वाटलं. तोंडानं मी म्हणाले, रिकामं डोकं. त्यांना एका गोष्टीला म्हातारीचा आवाज पाहिजे होता आणि नातीनं मला न विचारता हात वर केला होता.

मी म्हटलं, वाचीन, पण दिवे लागल्यावर. ती म्हणाली, तेव्हा जमत नाही. पिठाची गिरणी सुरू होते, घरोघर टीव्ही लागतात, देवळाचा भोंगा असतो, कुत्री असतात. गावात शांतता म्हणजे भर दुपारची, माणसं रानात गेली की. मग मी तिला तुझा कायदा सांगितला. दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो. आणि चुकून सांगितलीच तर पुरी करावी, ज्या तोंडानं सुरू झाली त्याच तोंडानं; अर्धी सोडली तर मामा अर्ध्या वाटेवरच राहतो. पोरीनं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आजी, माहा मामा वाट चुकेलच हाय. आता अजून कुठं चुकणार?"

ही जीभ हिला माझ्याकडूनच आली असणार. आणि तिचा मामा म्हणजे माझा मुलगा.

माझा मुलगा बोअर पाडायच्या गाडीवर असतो. असतो म्हणते, आहे म्हणावं की होता म्हणावं, ते मला ठाऊक नाही. ती गाडी खाली कर्नाटकाकडं फिरते, आज या गावात, उद्या त्या माळावर. तीन वर्षांमागं त्याचा बाप गेला तेव्हा हा कुठल्या डोंगरात होता, फोन लागेना. मातीला आला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो आणि हा दारात उभा. अंगावर दगडाचा पांढरा भुगा, डोळे लाल, खांद्याला बॅग. बायका रडायच्या तयारीत होत्या. मी म्हणाले, "बापाला खांदा द्यायला वाट सापडली न्हाई, आता बरी सापडली? ज्या वाटंनं आलास त्याच वाटंनं जा." माणूस रागात म्हणतं. दुसरा असता तर भांडला असता, न ऐकता आत घुसला असता. हा बापाच्या वळणावर गेलेला, शब्द म्हणजे शब्द. त्यानं माठातलं तांब्याभर पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्याला, तांब्या पालथा घातला आणि गेला. बॅग त्यानं खांद्यावरून काढलीच नव्हती. मी हाक मारली नाही. आधी तोंड वाजवायचं आणि नेमकं लागेल तेव्हा ते शिवून बसायचं, ही माझी खोड तुला माहीत आहे. किती माहीत आहे ते पुढं बघू. सहा महिन्यांनी लेकीनं फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई गोड आवाजात सांगत होती.

तर नात म्हणाली, "मामाला रोज फोनमधी कायतरी ऐकायची सवय हाय. गाडी चालू असली की कानात वायर. ही गोष्ट फुकट हाय, कुठं बी ऐकू येती. कधी तुहा आवाज त्याच्या कानावर पडला तर?"

"पडला तर? म्हणल, म्हातारी अजून मेली न्हाई."

"तेवढं तरी कळल का न्हाई?"

म्हणून मी हो म्हणाले. आंधळ्या लेकरांसाठी नाही, दवाखान्यातल्या माणसांसाठी नाही. हे मी नातीला सांगितलं नाही, तिला ते माहीत होतं.

मधल्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला होता. रान बटईनं दिलेलं आहे, आपल्या वाट्याचा कापूस घरी येऊन पडतो, आणि जावई म्हणत होता की भाव वाढेपर्यंत हलवायचा नाही. नातीनं सगळ्या घरात फिरून टाळ्या वाजवून पाहिल्या. स्वयंपाकघरात टाळी घुमली, ओसरीवर घुमली. कापसाच्या खोलीत टाळी वाजली आणि तिथल्या तिथं मेली. पोरगी हरखली. म्हणे शहरात लोक अशी खोली करायला भिंतींना काय काय चिकटवतात, आपल्याकडं आयतीच आहे. कापसात दोन माणसांपुरती खोबण केली, पोतं अंथरलं, फोन एका पितळी डब्यावर उभा केला, दार लावलं. नाकात तंतू, अंगाला खाज, पाठीवर लाल किडे. या थाटात तुझ्या लेकीनं दूरदेशची गोष्ट वाचायला घेतली.

गोष्ट अशी, की एका विधवेचा मुलगा बर्फाच्या रानात लाकडं आणायला जातो आणि वाट चुकतो. ती बाई चरख्यावर सूत कातत बसते. दोऱ्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधते आणि दुसरं एका पाखराच्या चोचीत देऊन रानात धाडते. मी विचारलं, "दोरा तुटत कसा न्हाई?" नात म्हणाली, "आजी, गोष्ट हाय." मी म्हटलं, "गोष्टीतला असला म्हणून काय झालं, दोरा तो दोराच." बर्फ म्हणजे काय तेही विचारलं. ती म्हणाली आभाळातून कापूस पडल्यासारखं. मी वर बघितलं, सगळीकडं कापूसच होता, म्हटलं बरं, समजलं.

पहिल्या खेपेचं वाचन परत आलं. पुण्यात बँकेत काम करणारी एक बाई छापील पान धरून ऐकायची. तिनं कळवलं की आवाज छान आहे पण आजी प्रत्येक वाक्यानंतर फार वेळ गप्प राहतात. गप्प राहणार नाही तर काय करणार? मी हुंकाराची वाट पाहत होते. तू भाकरी थापता थापता गोष्ट सांगायचीस आणि मी चुलीच्या या बाजूला बसून हूं द्यायची. एक हूं चुकला की तुझी भाकर तव्यावर पडायची आणि गोष्ट तिथंच थांबायची. "ऐकणारं निजलं, गोष्ट बी निजली," म्हणायचीस. मी डोळे फाडून जागी राहायची. तीच सवय. वाक्य टाकलं की पलीकडून हूं आल्याशिवाय माझं तोंड पुढं उघडतच नाही. नात म्हणाली, मी हूं म्हटलं तर तेही आत जातं. मग तिनं युक्ती काढली. माझ्या पायाचा अंगठा धरून बसली. वाक्य संपलं की अंगठा दाबायची, की मी पुढं. तो आमचा मुका हूं. असं दोन दुपारी बसून निम्मी गोष्ट झाली. पाखरू दोरा घेऊन रानात शिरतं, मुलगा झाडाखाली गारठून बसलेला असतो आणि बर्फ पडू लागतं, इथपर्यंत. पुण्याच्या बाईनं ती घेतली. फोनवर मला म्हणाली, "आजी, ऐकताना अंगावर काटा आला हो." मी म्हणाले, "बाई, माह्या अंगाला तर कापसाची खाज आली."

हसू नको. वाचताना मला सारखी ती दुपार दिसत होती, माय. तुलाही दिसली असती. मी बारा वर्षांची आहे. तू पहाटेपासून पुरण शिजवते आहेस, कारण तुझा भाऊ येणार आहे. वाशिमकडून एसटीनं कनेरगाव नाक्याला उतरून कोसभर पायी येणार, आणि माझं त्याच्याशी ठरणार. मामाला लेक देणं म्हणजे माहेर हातचं जात नाही, असं तू शेजारणीला सांगत होतीस. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. तो तिशीचा, दात पानानं लाल, हसला की घसा दिसायचा. वाईट माणूस नव्हता. येताना बत्ताशे आणायचा. पण मला शाळा पाहिजे होती, आणि शाळेत त्या आठवड्यात गुरुजींनी एका पुस्तकातून सुसरीची गोष्ट वाचून दाखवली होती.

मी गोठ्यापुढं लिंबाच्या सावलीत शेजारची दोन बारकी लेकरं बसवली आणि भर उन्हात ती गोष्ट सांगायला लागले. एक राजा नदी उतरताना बुडायला लागतो, म्हातारी सुसर त्याला वाचवते आणि बदल्यात त्याची लेक मागते. लेकरं हूं हूं करत होती. लग्नाचा दिवस येतो, मुलगी हळद लावून काठावर उभी, आणि सुसर पैलतीरावरून पोहत निघते. मी म्हणाले, नवरदेव नदीच्या मधोमध आला. तेवढ्यात तू उलथणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आलीस आणि माझ्या कोपरावर हाणलंस. "भर दिवसा गोष्ट सांगतीस, सटवे? तुहा मामा वाटंवर हाय! माह्या भावाची वाट बांधतीस व्हय?" लेकरं पळाली. उलथण्याला पुरण लागलेलं होतं, ते माझ्या हाताला चटकन भाजलं. मी रडले नाही, त्यानं तुला आणखी राग आला.

मामा आला नाही. संध्याकाळपर्यंत तू चार वेळा वेशीपर्यंत जाऊन आलीस. दुसऱ्या दिवशी बाप नाक्यावर गेला. चहाच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, व्हय, उतरला, चहा घेतला, पानाला चुना मागितला, बराबर तुमच्या वाटेनं गेला. तिथून पुढं त्याला कुणी पाहिलं नाही. विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, औंढ्याच्या जत्रेत वर्षभरानं कुणाला तो दिसला म्हणून बाप तिकडं जाऊन आला. दुसराच कुणी निघाला.

तू मला चुलीपुढं बसवलंस. "ती गोष्ट पुरी कर. आत्ताच्या आत्ता." मी म्हणाले, "पुढची आठवत न्हाई." तू गूळ दिलास, मग मारलंस, मग पुन्हा गूळ दिलास. मला आठवेना. तुला ती गोष्ट माहीत नव्हती, नाहीतर तूच सुचवली असतीस. पदरात शेरभर तूर बांधून तू शाळेत गेलीस, आयुष्यात पहिल्यांदा, गुरुजीला विचारायला की सुसरीचं पुढं काय झालं. गुरुजीची बदली झाली होती. नव्या मास्तरला ते पुस्तक माहीत नव्हतं. तू तूर तशीच परत आणलीस, आणि त्या दिवसापासून मला दोष देणं तू सोडलंस. स्वतःला द्यायला लागलीस. "पोरगी सांगत व्हती, मीच मधी तोडली," असं भाकरी थापता थापता तव्याला सांगायचीस. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तशी तू ओवाळायचीस. पण ताटात वाटीभर चुना आणि पान ठेवायचीस. मला गोष्ट सांगणं तू बंद केलंस. माझं लग्न पुढं तीन वर्षांनी दुसरीकडं झालं आणि सासरी निघताना तू माझ्या हातात ते उलथणं दिलंस. "घिऊन जा. मला घरात नको." बायका माहेराहून पाटल्या घेऊन येतात, मी उलथणं घेऊन आले. एक कोपरा अजून वाकडा आहे, माझ्या कोपराचा आहे तो. आज सकाळी त्यानंच थालीपीठ उलटलं.

आणि तू शेवटी अंथरुणावर होतीस तेव्हा मी दोन लेकरांची आई होते. तू माणसं ओळखत नव्हतीस, पण मला ओळखलंस. विचारलंस, "आठवली का गं पुढची?" मी म्हणाले, "न्हाई माय."

तर निम्मी गोष्ट झाली होती. दुसरी निम्मी वाचायला आम्ही सोमवारी बसणार होतो आणि रविवारी जावयानं टेम्पो पाठवला. भाव वाढला नव्हता, वाट बघून जावईच थकला होता. दोन माणसांनी तासाभरात खोली रिकामी केली. नात टेम्पोच्या मागं पळाली, "दोन दिवस थांबा ना काका, आजीची गोष्ट व्हायची हाय!" टेम्पोवाला म्हणाला, "बाई, गोष्ट काय कापसावर लिहिली हाय का?" कापूस गेला. खाली राहिल्या सरक्या आणि उंदराच्या लेंड्या. सोमवारी आम्ही तरी बसलो. नातीनं टाळी वाजवली, टाळी चार भिंतींवरून परत आली. मी वाचलं ते विहिरीत बसून वाचल्यासारखं झालं. गोधड्या टांगून पाहिल्या, गोधडी डोक्यावर घेऊन पाहिलं. आत जीव गुदमरला आणि खोकला लागला तो थांबेना. पुण्याहून परत आलं. पुन्हा केलं, पुन्हा परत आलं. मग सुट्टी संपली. पोरीची परीक्षा होती, ती गेली. जाताना उरलेली चार छापील पानं मोठ्या अक्षरात काढून मला देऊन गेली. "वाचून ठेव आजी, पुढच्या सुट्टीत बघू." जुना फोनही ठेवून गेली, हिरवं दाबलं की बोलायचं, एवढं शिकवून.

आठ दिवसांनी तो फोन वाजला. मला अक्षरं वाचता येतात, नाव आलं की कळतं. नाव नव्हतं, नुसता नंबर होता. मी चुलीपुढून उठले ती दार सोडून भिंतीला धडकले. हिरवं दाबलं आणि पलीकडून कुणी बोलायच्या आत म्हणाले, "आलास का?"

"आजी, मी पुण्याहून बोलते आहे," ती बाई म्हणाली. बिचारी फार गोड बोलली. म्हणाली, किती दिवस थांबणार, लेकरं वाट बघत आहेत, तर दुसरा भाग आम्ही इथल्या एका वाचणाऱ्या बाईंकडून करून घेतला. पहिला भाग तुमच्याच आवाजात राहील. मी म्हणाले, बरं केलंत. ती म्हणाली, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? मी म्हणाले, "बाई, माह्या वयात वाईट वाटायला टाइम कुठं हाय, चुलीवर भाकर जळून राहिली." भाकर खरंच जळली होती.

नातीनं ती पुरी गोष्ट तिकडून फोनवर धाडली आणि शेजारच्या पोरानं मला लावून दिली. मी माझ्यापुरती ऐकली, बर्फ पडू लागतं तिथपर्यंत. पुढं दुसऱ्या बाईचा आवाज लागला, मोकळा, धुतल्यासारखा, की मी बंद केलं. जगासाठी गोष्ट पुरी झाली. कुणी म्हणेल, झालं, मिटलं. पण तुझा कायदा मला कोण विसरू देणार? ज्या तोंडानं सुरू झाली त्याच तोंडानं. माझ्या तोंडची अर्धीच आहे. भर दुपारी सुरू केलेली, आणि माझ्या नातीचा मामा झाडाखाली बसलेला, वर बर्फ. मी असल्या गोष्टी मानत नाही. नाक्यावर उतरलेला माणूस लिंबाखालच्या पोरीच्या बडबडीनं नाहीसा होत नाही, त्याला काय झालं ते त्यालाच माहीत. माझा मुलगा गेला तो माझ्या जिभेनं गेला, त्याला गोष्टीचं निमित्त नको. ऐकून तो येणार नाही, हेही मला कळतं. फोनमध्ये लाखो आवाज असतात. त्यात एका म्हातारीचा आवाज कर्नाटकातल्या माळावर, त्या मशीनच्या धडधडाटात, नेमका त्याच्याच कानात पडेल? दोरा तुटतो. गोष्टीबाहेर तुटतोच.

आता ते सांगते ज्यासाठी बसले. माय, सुसर काठाला लागते. पाण्याबाहेर आल्यावर तिचं कातडं गळून पडतं आणि आत एक साधा माणूस असतो, शापात अडकलेला. मुलगी त्याला घरात घेते. एवढंच आहे पुढं. मला त्या दिवशीही येत होतं, तू गूळ दिलास तेव्हाही, मारलंस तेव्हाही. तू तूर घेऊन शाळेत गेलीस तेव्हा मी दारात उभी राहून तुझी पाठ बघत होते आणि मला येत होतं. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे तूच मला शिकवलं होतंस. मी ती मुद्दाम दुपारी सांगायला बसले होते. पहिले दोन दिवस मी गप्प राहिले ते तो येऊ नये म्हणून. नंतर गप्प राहिले ते आता सांगितलं तर तू मला जिवंत ठेवणार नाहीस म्हणून. आणि शेवटी तुझ्या अंथरुणाशी का गप्प राहिले, ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं.

परवा कळलं. ती चार पानं समोर घेऊन बसले. घरात कुणी नव्हतं, दुपार होती, अक्षर मोठं होतं. मोठ्यानं वाचली असती तर पाव तासात संपली असती. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, पुरी केली, आणि तरी तो आला नाही, तर मग? आज कुणी विचारलं तर सांगता येतं, गोष्ट अर्धी राहिली आहे, माणूस वाटेवर आहे. पुरी केल्यावर काय सांगू? तुझ्या अंथरुणाशी मी पुरी केली असती आणि तुझा भाऊ आला नसता, तर तू कशावर डोळे मिटले असतेस? हे मी तेव्हा विचार करून केलं असं म्हणणार नाही. तेवढी मी चांगली नाही.

ही वही हळदीच्या डब्यामागं ठेवीन. जाळणार नाही आणि दाखवणारही नाही. नात दर रविवारी फोन करते, परीक्षेचं सांगते, आईच्या तक्रारी सांगते आणि तुझा कायदा ध्यानात ठेवून शेवटी विचारते, "आजी, वाचली का ती पानं?" मी म्हणते, "चष्मा सापडंना गं." चष्मा नाकावरच असतो.